बाळंतिणीच्या उशाखालची सुरी

एकाचं लिहिलेलं उचलून दुसऱ्या पानावर चिकटवायची ही जी सोय कॉम्प्युटरनं करून ठेवली आहे, तिचा मला जेवढा राग येतो तेवढा कुठल्या माणसाचाही येत नाही. सांगलीतल्या एका खासगी हॉस्पिटलात मी मेडिकल कोडर आहे. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि त्यातल्या प्रत्येक आजाराला, लक्षणाला ठरलेला कोड द्यायचा, म्हणजे विमा कंपनीला क्लेम तपासता येतो. आपल्या मनाचं काही घालायचं नाही, लिहिलंय तेवढंच. नियम चांगला आहे, पण लिहिणारा डोळे उघडे ठेवून लिहितोय असं त्यात गृहीत धरलेलं आहे.

गेल्या वर्षी मानसोपचार वॉर्डातली एक फाइल माझ्यापुढं आली. विट्याकडची ओली बाळंतीण, वयानं अगदी लहान. माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच झालेलं. नवरा गलाईवाला, तिकडं दक्षिणेत सोनं गाळायच्या दुकानात. बाळ झाल्यापासून तिला झोप नव्हती, अन्न जात नव्हतं, सारखी रडायची. सासूनं आणून ॲडमिट केलं. बाळंतपणानंतरचं नैराश्य, असं निदान होतं. औषधानं ती सावरतही होती.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं की स्वतःला किंवा बाळाला इजा करायचे विचार तिच्या मनात नाहीत. त्याखाली, सासूनं दिलेल्या माहितीत, एक ओळ होती: उशाखाली सुरी असते. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ती नोंद उचलून, काटछाट करून पुढं चिकटवली, तेव्हा तिथं आलं की सुरी सापडली. तिसऱ्या पानावर ती स्वतः सुरी जवळ बाळगायला लागली. डिस्चार्जच्या मसुद्यापर्यंत पहिल्या दिवशीचं वाक्य गळून पडलं होतं आणि खाली ठसठशीत लिहिलं होतं, रुग्णापासून बाळाच्या जिवाला धोका, बाळ लांब ठेवावं. वॉर्डातून ते सासूला सांगूनही झालं होतं. बाळ तेव्हाच नणंदेच्या घरी गेलं होतं आणि डब्याच्या दुधावर होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाळंतिणीच्या उशाखाली सुरी का असते हे कुणाला माहीत नाही? पाचवीच्या पूजेला ठेवतात आणि सव्वा महिना हलवत नाहीत, बाळाला कसली बाधा होऊ नये म्हणून. माझ्या दोन्ही बाळंतपणांत साताऱ्याला आईनं ठेवली होती. कूस बदलली की मूठ टोचायची आणि मी वैतागायचे. ही पानं भरणारे सगळे इकडचेच, त्यांच्या घरातही हेच चालतं. एकालाही वाटू नये की थांबा, जरा विचारून घेऊ?

"हिंसेच्या धोक्याचा कोड लाव आणि मोकळी हो," आमचे सुपरवायझर म्हणाले. "क्लेमला बरं पडतं. ॲडमिट कशाला केलं म्हणून कुणी विचारत नाही."

"आणि त्या पोरीला जन्मभर ते चिकटलं तर?"

"ते बघायला आपल्याला पगार देत नाहीत."

मी कोड लावला नाही. उठून वॉर्डात गेले. तिथं जायचं माझं काम नव्हे, त्याबद्दल नंतर बोलणीही खाल्ली, ती वेगळी. सासू बाहेर बाकड्यावर बसली होती.

"आवं, ती सुरी कुणी ठेवली होती?"

"मीच की. पाचवीला. आमच्यात ठिवत्यातच."

"मग डॉक्टरांना सांगितलं का नाही?"

"त्यांनी सुरी आस्ती का इचारलं, मी व्हय म्हनलं. कुणी ठिवली ते कुठं इचारलं?"

"आणि बाळ लांब ठेवा म्हणाले तेव्हा?"

"डाक्टर म्हनल्यावर आपन काय बोलायचं, बाई?"

मला त्या बाईला गदागदा हलवावंसं वाटलं. आपल्या हातानं ठेवलेल्या सुरीपायी सून आतमध्ये बदनाम होतेय, आणि ही बाहेर मूग गिळून बसलीय. आणि त्या सुनेला तर कुणी काही विचारलंच नव्हतं.

डॉक्टरांना मी रीतीप्रमाणे लेखी शंका पाठवली आणि वर जाऊन तोंडीही सांगितलं. त्यांनी पहिल्यापासून पानं वाचली. "मी परत विचारलंच नाही," ते म्हणाले. वाद न घालता त्यांनी दुरुस्ती केली, कारण लिहून खाली सही केली. भला माणूस आहे. तरी माझा राग गेला नाही, कारण तोवर ते पोर आईवाचून राहिलं ते राहिलंच होतं.

डिस्चार्जच्या दिवशी नणंद बाळाला घेऊन आली. मी मुद्दाम खाली गेले आणि दुरुस्त केलेला कागद सगळ्यांना वाचून दाखवला, अगदी सावकाश, मोठ्यानं. सासूला आपली चूक समजली असावी. तिनं स्वतःच बाळ पुढं केलं.

"घे गं पोरी."

सुनेनं घेतलं, छातीशी धरलं. बाळानं भोकाड पसरलं तसं तिनं घाईघाईनं ते परत सासूकडं दिलं.

"आत्ती, तुमीच धरा. मला माजंच भ्या वाटतंय."

"अगं, ते खोडलंय आता," मी म्हणाले. "चुकून लिहिलं होतं. सुरी तुझी नव्हतीच."

"ते मला ठाव हाय, ताई," ती म्हणाली. "पर येवढ्या शिकल्याल्या मानसांनी लिवलं, म्हंजी माज्यात कायतरी दिसलं आसंलच की त्यास्नी."