आरव्ही मीच चालवत आणली

नवऱ्याला आरव्हीचं वेड होतं, ते आजारपणाच्या आधीपासूनचं. आम्ही अमेरिकेत कॅरीला राहायला आलो तेव्हापासून हायवेवर एखादी आरव्ही दिसली, की तो आपली गाडी मुद्दाम हळू करायचा आणि तिच्या खिडक्यांचे पडदे, मागे बांधलेल्या सायकली, छतावरचा एसी असं सगळं न्याहाळत तिच्या बाजूने जायचा. "घरच सोबत घेऊन फिरायचं, अगं. मनात येईल तिथे थांबायचं." तो नागपूरचा. त्याला मोकळं आवडायचं. मी पुण्याची, मला हॉटेलची गादी बरी वाटायची. चाकांवरच्या घरातही पोळ्या मीच लाटणार, मग ती सुट्टी कसली, असं मी म्हणायचे आणि विषय संपायचा. चार-पाच वर्षं तो असाच संपत राहिला.

२००६च्या जूनमध्ये डॉक्टरबाईंनी आजाराचं नाव सांगितलं. एएलएस. त्याआधी आठेक महिने त्याच्या उजव्या हाताची बोटं शर्टाच्या बटणांशी झगडत होती. दिवसभर कीबोर्ड बडवतोस म्हणून होतंय, असं म्हणत आम्ही मनगटाला पट्टा बांधत होतो. डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. आधी हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं, श्वास. बुद्धी मात्र बहुतेकांची शेवटपर्यंत शाबूत राहते. हे शेवटचं त्यांनी दिलासा म्हणून सांगितलं असावं.

पार्किंग लॉटमध्ये आम्ही गाडीत येऊन बसलो. मग तो म्हणाला, "ऑक्टोबरात आरव्ही घेऊ. पानं रंगतात तेव्हा. स्मोकीजच्या डोंगरात जाऊ."

मी हो म्हटलं. त्या दिवशी त्याने चंद्र मागितला असता तरी मी हो म्हटलं असतं.

मुलगी नऊ वर्षांची होती. तिला आम्ही एवढंच सांगितलं होतं, की बाबाचा हात दुखतोय. बाकीचं ट्रिपमध्ये सांगू, असं ठरवलं. शाळेच्या धबडग्यात नको, शांत ठिकाणी सांगू. खरं म्हणजे दोघांनाही तेवढे महिने पुढे ढकलायचे होते.

पंचवीस फुटी आरव्ही रॉलीहून भाड्याने घेतली. चालवणार तोच. डाव्या हातात अजून जोर आहे आणि उजवा नुसता टेकवला तरी पुरतो, असं त्याचं म्हणणं. हायवेला काहीच वाटलं नाही. पण डोंगर सुरू झाल्यावर रस्ता वळणावळणाचा झाला आणि मी सीटची कड घट्ट धरून बसले. तो बोलायचा थांबला. मानेवर घाम दिसत होता. "थांबूया का?" मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो म्हणाला, "आलंच आता."

नॅशनल पार्कच्या हद्दीबाहेर, ओढ्याच्या काठाला ते कॅम्पग्राउंड होतं. जंगलात खडीचा एक गोल रस्ता आणि त्याच्या कडेने वीस-बावीस जागा. प्रत्येक जागेला एक लाकडी टेबल आणि शेकोटीसाठी लोखंडी कडं. वीज नाही, ड्रेनेज नाही, फोनला सिग्नल नाही. कचऱ्याच्या पेट्यांना अस्वलांना उघडता येऊ नयेत अशा कड्या. आणि पाण्याला सगळ्यांत मिळून एकच नळ, फाटकापाशी. तिथे आरव्ही उभी करून पाइपने टाकी भरून घ्यायची आणि मग आपल्या जागेवर जायचं.

आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. आमच्या मागे आणखी तीन गाड्या येऊन उभ्या राहिल्या. तो खाली उतरला. मी पाइप काढायला गेले तर म्हणाला, "राहू दे, मी करतो."

पाइपच्या टोकाला पितळेची चकती होती. ती नळाच्या आट्यांवर बसवून फिरवायची, एवढंच काम. उजव्या हातात ती राहीना. डाव्या हाताने बसवली तर तिरकी बसली आणि निसटली. पाइप चिखलात पडला. त्याने उचलला, पँटला पुसला, पुन्हा लावला. पुन्हा पडला. मागच्या गाड्यांतली माणसं बघत होती. कोणी हॉर्न वाजवला नाही. वाजवला असता तर बरं झालं असतं, मी त्यांच्यावर चिडले असते. चौथ्यांदा पाइप पडला तेव्हा मी ओरडले.

"होत नाही ना तुझ्याच्याने? मग सोड ना! सगळे खोळंबलेत आपल्यामुळे!"

मराठीत ओरडले म्हणून काय झालं, असला सूर कुणालाही कळतो. त्याने पाइप जमिनीवर हळूच ठेवला, जणू तो फुटेल, आणि पायऱ्या चढून आत गेला. खिडकीत मुलीचा चेहरा होता. तिने सगळं पाहिलं होतं.

मी पाइप उचलून लावला. अर्ध्या मिनिटात लागला. इतक्या सहज लागला याचाच मला संताप आला. टाकी भरेपर्यंत मी लोकांकडे पाठ करून उभी होते.

टाकी भरली, पण आता आरव्ही हलवणार कोण? तो आत पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मला आमची छोटी गाडीसुद्धा दोन रेघांच्या मधोमध लावता येत नव्हती. तेवढ्यात कॅम्पग्राउंडची देखरेख करणारे आजोबा आले. ते आणि त्यांची बायको वसंतापासून पानं गळेपर्यंत फाटकाजवळच्या ट्रेलरमध्ये राहायचे. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस, सत्तरीच्या पुढचा. त्यांनी आत डोकावून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "लांबून आलात का?" मी मान हलवली. ते चढले, आरव्ही आमच्या जागेत मागे घेऊन लावली आणि किल्ली माझ्या हातात देऊन निघून गेले.

संध्याकाळी मी पिठलं-भात केला. त्याने डाव्या हाताने, चमच्याने खाल्ला. "छान झालंय," म्हणाला. मुलगी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत जेवत होती. त्या देशात आम्ही दिवसाला पन्नासदा सॉरी म्हणायचो. दुकानात ट्रॉलीला ट्रॉली लागली तरी म्हणायचो. त्याला म्हणायला मात्र माझं तोंड उघडेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर आले तर तो टेबलापाशी बसला होता. अंगावर पिवळी-तांबडी पानं पडली होती, ती त्याने झटकली नव्हती. मुलगी ओढ्यात दगड टाकत होती. त्याने मला समोर बसवलं.

"परत जाताना गाडी तू चालवायची."

"मी? वेडा आहेस का तू?"

"काल घाटात दोनदा स्टिअरिंग सुटलं हातातून. तुला कळू दिलं नाही." तो ओढ्याकडे बघत होता. "पोरगी मागे बसली होती, अगं. तरी मी थांबलो नाही. तू ओरडलीस ते बरं केलंस. नाहीतर परत जातानाही मीच बसलो असतो."

मी म्हटलं, "मी तसं बोलायला नको होतं."

"बरं केलंस," तो पुन्हा म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला तो पेलता आला असता.

आजोबांनी मला दोन दिवस शिकवलं. त्या खडीच्या गोल रस्त्यावर सकाळी दहा फेऱ्या, दुपारी दहा फेऱ्या. ही गाडी वळते तेव्हा तिचं मागचं टोक उलट्या बाजूला झुकतं, म्हणून वळायच्या आधी जरा जास्त पुढे जायचं. आरसे सोडायचे नाहीत. उतारावर ब्रेक दाबून धरायचा नाही, गिअर खाली आणायचा. नवरा शेजारच्या सीटवर बसून तेच मराठीत सांगायचा, "थांब, थांब, आता फिरव. अजून. बास." लग्नानंतर त्याने मला गाडी शिकवली होती तेव्हा आमची रोज भांडणं व्हायची. या वेळी तो एकदाही चिडला नाही. मी एका जागेच्या नंबराची लाकडी पाटी आडवी केली, तर आजोबांनी ती सरळ करून पायाने माती दाबली आणि म्हणाले, "ती आधीपासून वाकडीच होती." आजी आणि मुलगी टेबलावर बसून टाळ्या वाजवत होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मुलीला ओढ्याकाठी घेऊन गेलो. एक मोठं झाड आडवं पडलं होतं, त्यावर तिला मधे घेऊन बसलो. काय बोलायचं ते त्याने मनात घोकून ठेवलं होतं, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"बाळा, बाबाच्या हाताचं तुला सांगायचं होतं. ते नुसतं दुखणं नाहीये…"

"आय नो, बाबा," ती म्हणाली.

"काय माहितीये तुला?"

ती नेहमी इंग्रजीतच उत्तर द्यायची, तशीच बोलली, पाण्याकडे बघत. आई फोनवर नागपूरच्या आजीला ते नाव सांगत होती, ते तिने ऐकलं. तीन अक्षरं. लायब्ररीतल्या कम्प्युटरवर शोधलं. जुलैमध्ये.

जुलै. म्हणजे तीन महिने तिला सगळं माहीत होतं. मग एकेक गोष्ट मला आठवायला लागली. सकाळी बाबाच्या आधी उठून दुधाच्या कॅनचं झाकण सैल करून ठेवणारी ती. लोणच्याची बरणी "मी उघडते, मी स्ट्राँग आहे" म्हणून ओढून घेणारी ती. पूर्वी बूट बाबाकडूनच बांधून घेण्याचा हट्ट होता, तो उन्हाळ्यात एकाएकी सुटला होता. मोठी झाली म्हणून मी फोनवर तिचं कौतुक केलं होतं.

"मग बोलली का नाहीस?" त्याने विचारलं.

"तुम्ही सॅड झाला असता."

हे ती मराठीत म्हणाली. तो रडायला लागला. मी त्याला पूर्वी कधी रडताना पाहिलं नव्हतं, आजाराचं नाव कळलं त्या दिवशीही नाही. उजवा हात चेहऱ्यापर्यंत पोचेना. तिने आपल्या स्वेटशर्टची बाही तळहातावर ओढून घेतली आणि त्याचे डोळे पुसले, मग नाकही पुसलं. तो मधेच हसला. मी दोघांच्या शेजारी बसले होते, पण त्या क्षणी तिथे माझ्यासाठी जागा नव्हती आणि ते बरोबरच होतं.

चौथ्या दिवशी सकाळी निघालो. दरीत धुकं भरलं होतं. मी ताशी वीस मैलांनी उतरत होते आणि मागे गाड्यांची रांग लागली होती. "लागू दे," तो म्हणाला, "पुढे जागा आली की बाजूला घे, जातील ते." मी बाजूला घेतली, ते गेले. एका बाईने जाताना हात केला. हायवेला लागल्यावर तो झोपला, तोंड जरासं उघडं टाकून. आरशात मुलगी टेबलावर डोकं ठेवून झोपलेली दिसत होती. दोन्ही झोपलेली माणसं आणि ते अख्खं घर माझ्या हातात होतं. मला भीती वाटत नव्हती, फक्त खांदे भरून आले होते. कॅरीला पोचेपर्यंत मी एकदाही थांबले नाही.

पुढच्या दिवाळीपर्यंत तो व्हीलचेअरवर होता. ओळखीच्या घरांतून डबे यायचे. आठवड्याचे वार वाटून घेतलेल्या काकू आणि मावश्या दारात डबा ठेवून जायच्या, आत यायला बिचकायच्या. मी त्यांना दोष देत नाही. हिवाळ्यात त्याचं बोलणं गेलं. मग अक्षरांच्या तक्त्यावर मी बोट फिरवायचे आणि हवं ते अक्षर आलं की तो पापणी मिटायचा. एक वाक्य व्हायला दहा मिनिटं लागायची. तरी तो विनोद करायचा आणि विनोद पुरा होईपर्यंत मला हसू दाबून बसावं लागायचं.

२००८च्या एप्रिलमध्ये, सकाळी साडेनऊच्या सुमाराला तो गेला. मी जवळ होते. नर्सने वेळ लिहून घेतली. मी तोंड धुतलं, साधी पँट बदलून जीन्स घातली, का ते माहीत नाही, आणि शाळेत गेले.

ऑफिसातल्या बाईंनी फोन करून मुलीला बोलावलं. लांब कॉरिडॉरच्या टोकाला ती दिसली. अकरा वर्षांची, पाठीवर दप्तर. दप्तर घेऊन यायला तिला कोणी सांगितलं नव्हतं. मला बघून ती धावली नाही, चालत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"एकटा होता का?" तिने मराठीत विचारलं.

"नाही गं. मी होते."

तिने मान हलवली. गाडीत बसल्यावर तिने बेल्ट लावला, दप्तर मांडीवर घेतलं आणि बराच वेळ त्याची चेन उघडझाप करत राहिली. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, "स्पेलिंग टेस्ट चालू होती. माझे तीन वर्ड्स राहिले."

"उद्या देऊ," मी म्हटलं आणि मग मला सिग्नल दिसेना.