व्हर्लिनचं राखून ठेवलेलं गाणं

व्हर्लिन टॅकेटबरोबर मी सव्वीस वर्षं स्टील गिटार वाजवली, आणि तिला आयुष्यातला सगळ्यात वाईट सल्लाही मीच दिला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मला शहाणा माणूस समजायला नको.

ती ओक्लाहोमाची. बाप शनिवारच्या नाचांना फिडल वाजवायचा, आणि आई ज्या घरी धुणं धुवायला जायची तिथे दिवसभर जॅझच्या तबकड्या चालायच्या. पोरीच्या कानात दोन्ही एकदमच शिरलं. पुढे स्वतः गाणी रचायला लागली तेव्हा शब्द आमच्याच गावाकडचे, कुंपण, गाई, सोडून गेलेला नवरा. पण खालची सुरावट अशी वळणं घेत जायची की आमच्या बास गिटारवाल्याला घाम फुटायचा. टल्सातल्या एका नाचघराचा मालक एकदा वैतागून म्हणाला होता, "बाई, हे गाणं आहे की चकवा? माझी गिऱ्हाइकं एकमेकांवर आदळतायत!" त्यावर ती म्हणाली, "मग लग्नं जमतील की," आणि पुढचं गाणं त्याहून वाकडं गायली. जॅझवाल्यांना ती गावंढळ वाटायची, आमच्या कंट्री गाणंवाल्यांना शिष्ट. गाण्यांच्या धंद्याची पेठ असलेल्या नॅशव्हिलमध्ये वीस वर्षं काढली, तरी स्वतःच्या नावाची एक धड रेकॉर्ड नाही.

त्र्याऐंशीच्या मार्चमध्ये हॅस्किन्सचा फोन आला. तेव्हाच्या एका मोठ्या गायिकेच्या रेकॉर्डी तो करायचा. व्हर्लिनचं 'विहिरीपाशी थांबू नकोस' त्याला आवडलं होतं. म्हणाला, "हे आमच्यासाठी राखून ठेवा."

आमच्या धंद्यात ही रीत आहे. कागद नाही, सही नाही. पण राखून ठेवतो म्हटलं की ते गाणं दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, स्वतःसुद्धा रेकॉर्ड करायचं नाही. शब्द मोडला की सगळ्यांची दारं बंद.

जूनमध्ये तिचा घसा बसायला लागला. डॉक्टर म्हणाले, स्वरतंतूवर गाठ आहे, सप्टेंबरात कापावी लागेल; बोलता येईल, गाण्याचं मात्र सांगता येत नाही. आणि त्याच आठवड्यात ऑस्टिनहून लमार प्रूइटचा फोन. कंपनी चिमुकली, पण माणूस दर्दी. "तुझ्याच आवाजात दहा गाणी करू. लगेच ये. पण विहिरीचं गाणं हवंच, त्याच्याशिवाय मजा नाही." फेब्रुवारीत त्याने ते तिच्या तोंडून ऐकलं होतं.

दुपारी आम्ही नेहमीच्या खाणावळीत बसलो. तिने मक्याच्या पावाचा नुसता चुरा केला होता.

"डॉयल, आवाज आहे तोवर गाऊन घेऊ दे मला."

"वेडी आहेस का? हॅस्किन्सला दिलेला शब्द मोडलास तर इथे कुत्रं विचारणार नाही तुला. त्या बाईने गायलं तर देशभर वाजेल. जरा कळ काढ."

"मग निदान फोन करून विचारते, घेताय की नाही ते."

"अजिबात नको! मागे लागलं की हे लोक गाणं टाकून देतात. माहितेय ना तुला?"

"तुझी गिटार काही सप्टेंबरात कापणार नाहीयेत," ती म्हणाली. मग म्हणाली, "बरं. तू म्हणतोस तसं."

तिने लमारला 'जमणार नाही' म्हणून कळवलं. त्याने दुसरी गायिका घेतली. सप्टेंबरात ऑपरेशन झालं.

ऑक्टोबरात त्या बाईची रेकॉर्ड आली. मी दुकानातच उभ्याने यादी वाचली. दोनदा वाचली. दहा गाणी होती, आमचं नव्हतं. हॅस्किन्सच्या ऑफिसात फोन लावला. तिथल्या मुलीने पानं चाळली. "ते होय? ते मे महिन्यातच सोडलं आम्ही. तुम्हाला कुणी कळवलं नाही?"

मे महिन्यात! लमारचा फोन आला तेव्हा गाणं मोकळं होतं. अख्खा उन्हाळा आम्ही दोघं त्याच्यावर पहारा देत बसलो होतो. एक फोन केला असता तर कळलं असतं, आणि तो फोन मी करू दिला नव्हता. माझी मलाच किळस आली.

तिच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. तिने मला चार शिव्या हासडाव्यात असं फार वाटत होतं. ती उठली, कपाटातून कॅसेट काढली आणि लावली. हॅस्किन्सला पाठवलेल्या नमुन्याचीच ती प्रत; त्यापलीकडे हे गाणं जगात कुठेच नाही, आणि तेही तिच्या आवाजात नाही. मोठ्या गायिकेकडे नमुना पाठवायचा तर त्या गायिकेसारखाच आवाज असलेली पोरगी भाड्याने आणायची, म्हणजे बाईला आपणच गातोय असं वाटतं. व्हर्लिनने त्या पोरीला चार दिवस बसून एकेक जागा शिकवली होती.

पोरगी गात होती. व्हर्लिन समोर बसून प्रत्येक शब्दाला ओठ हलवत होती. आवाज नव्हताच.

"मला काहीतरी बोल ना," मी म्हणालो. "शिव्या दे, चालता हो म्हण."

ती पुढे वाकली. आता घशातून नुसती खरखर यायची, कान जवळ न्यावा लागायचा.

"जन्मभर कुणाचं ऐकलं नाही मी," ती म्हणाली. "ना मालकांचं, ना नवऱ्याचं. एकदाच ऐकलं, डॉयल. तुझं."