बारा तासांत कॅनडा
मी पदवीपर्यंत शिकलो तो माझ्या आत्यामुळे. नरखेडकडच्या आमच्या गावात ती दुसऱ्याच्या बागेत संत्री तोडायची. डोक्यावरून विमान गेलं की मला त्या बागमालकाचा चेहरा आठवतो. याच माणसाने एकदा सगळ्या मजुरांदेखत तिला विचारलं होतं, "पोराले शिकवून कलेक्टर करतं काय वं?" पुढे बऱ्याच वर्षांनी हुडकेश्वरला एका लग्नात तो पंगतीत माझ्यासमोरच बसला. गरम वरणाचा वास सुटला होता आणि तो लेकाचं कौतुक सांगत होता, "सकाळी नागपुरातून उडाला, संध्याकाळी टोरांटोत. बारा तासांत कॅनडा. रातभर जागलो, पहाटे त्याचा पोचल्याचा फोन आला." मी शांतपणे म्हटलं, "काका, संध्याकाळी पोचला तर फोन पहाटे काहून आला? तिथलं घड्याळ आपल्या दहाक तास मागं चालते. पोरगं बावीस तास प्रवासात होतं, अन् बापाले पत्ता नाही." अख्खी पंगत हसली. मला त्याची आजही कीव येत नाही. दुसऱ्याच दिवशी, आत्याला वाचता यावं म्हणून, मी मोठ्या अक्षरांत पत्र लिहिलं: "आत्या, तुह्या मालकाले काल सर्वांदेखत खाली पाहाले लावलं. तो अर्ध्या ताटावरून उठला. मी मात्र भात दोनदा मागून घेतला."