पळताना दिसला

खुनाचा पहिला खटला वाट्याला आला तेव्हा मी सांगलीच्या कोर्टात सिनियरांच्या फायली उचलत होते. आरोपी कुंडलजवळच्या गावातला, विशीतला पोरगा. शेजारच्या शेतकऱ्याचा पहाटे कालव्याकाठी खून झालेला आणि प्रत्यक्ष बघणारा कुणीच नाही. सगळी भिस्त परिस्थितीजन्य पुराव्यावर: आदल्या संध्याकाळी पाण्याच्या पाळीवरून दोघांचं भांडण, पोराच्या बुटांना कालव्याचा चिखल, आणि पहाटे हा कालव्यावरून पळताना एका म्हाताऱ्याला दिसलेला. सिद्ध झालं असतं तर जन्मठेप. पोराची आई दर तारखेला बाकावर बसून माझ्याच तोंडाकडे बघायची.

सिनियर म्हणाले, “एक जरी कडी निखळली तरी साखळी संपली.”

माझं डोकं त्या पळण्यावर अडकलं. मी वडूजची. आमच्याकडे पहाटे पळणारा पोरगा दिसला की लोक विचारतात, मिलिटरीची भरती कधी आहे? माझा भाऊ असाच पळायचा आणि जाताना दार आपटून सगळ्यांची झोपमोड करायचा. हा पोरगाही पहिल्या दिवसापासून ‘भरतीसाठीच पळत होतो’ म्हणून सांगत होता, पण आरोपीचं कोण ऐकतंय!

“म्हाताऱ्याला पढवलेलं असेल,” सिनियरांनी बजावलं. “उत्तर माहीत नसलेला प्रश्न उलटतपासणीत विचारायचा नाही.” मी मान डोलावली आणि उभी राहून विचारलाच.

“आजोबा, हा त्या दिवशी पळत होता. त्याच्या आदल्या दिवशी?”

म्हातारा माझ्यावरच खेकसला. “आवं बाई, रोजच पळतंय की त्ये! भरतीची पोरं हायती, पळणार न्हाईत तर काय करत्याल?”

“म्हणजे आणखी पोरं होती?”

“लय हुती. रांगच असती कालव्यावर.”

“मग हे पोलिसांना का सांगितलं नाहीत?”

“त्यांनी इचारलं, ह्यो पळताना दिसला का? म्या म्हनलं, दिसला. रोज पळतो का, असं कुणी इचारलंच न्हाई!”

कोर्टात हशा पिकला. सरकारी वकील कागदांत डोकं घालून बसले. चिखलाचं महत्त्वही तिथेच संपलं, सगळीच पोरं त्या वाटेने पळायची. उरलं भांडण. आता पाण्यावरून भांडला म्हणून खुनी ठरवायचं, तर आमचा अर्धा तालुका जेलात बसेल!

पोरगा निर्दोष सुटला. खरा खुनी पोलिसांनी नव्याने शोधायचा होता. आईने माझ्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. मीही रडले. वकिलाने रडू नये म्हणतात, म्हणेनात का! बाहेर तिने पेढे वाटले. मी मूर्खासारखं पोराला विचारलं, “मग आता भरती?”

“मिलिटरीचं वय गेलं, मॅडम. आत असतानाच.”

मी हातातला पेढा खाली ठेवला. निर्दोष पोराने शिक्षा तर आधीच भोगली होती. अस्सा संताप आला, आणि काढावा कुणावर ते कळेना.

“पोलीस भरतीत वय बसतंय अजून,” तो म्हणाला.

त्याला दर तारखेला जेलातून आणणारा हवालदार खो-खो हसत सुटला. आई ओरडली, “गप रं मुडद्या, आधी घरला चल!”

“या खटल्याचं कारण काढून अडवतील तुला,” मी म्हटलं.

“अडवू द्या की,” तो म्हणाला, “तुमी हायसा न्हवं?”