दादाचा डीव्हीडी ड्राइव्ह

दादा गेल्याचा वहिनीचा फोन आला, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "कोण म्हणालं?" डॉक्टरांनी सांगितलं की नर्सनं, हेही विचारलं. लोकांना हे विचित्र वाटेल, पण आमच्या घरात सांगितलेल्या गोष्टीवर लगेच विश्वास ठेवायची पद्धतच नाही. त्यातही वसंतदादा सगळ्यांच्या वरताण. समुद्रपूरला शाळेत नोकरी करून निवृत्त झालेला हा माणूस एसटीची पाटी वाचून चढायचा, तरी कंडक्टरला विचारायचा, मग शेजारच्यालाही, गाडी वर्ध्यालाच जाते ना? आता घरात कोणी कोणाची उलटतपासणी घेत नाही, आणि ते फार जड जातं.

दिवाळीनंतर सावंगीच्या हॉस्पिटलात त्याच्या पोटाचं स्कॅन झालं. रिपोर्टचा कागद वहिनीनं कपाटात घातला आणि त्याला सांगितलं, आतड्याला सूज आहे. खरं काय ते फक्त मला सांगितलं. स्कॅनची सीडी तेवढी दादाकडे राहिली, कारण ती घरात कशावर चालणारच नव्हती; त्याच्या जुन्या कॉम्प्युटरचा ड्राइव्ह केव्हाच बंद पडलेला. मी वर्ध्याला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवते, म्हणून एक दिवस त्याचा मला फोन. "नंदा, डीव्हीडी ड्राइव्ह कोणता घ्याव? लग्नाच्या सीड्या पाह्याच्या हायेत." ज्यानं स्वतःच्या लग्नाचे फोटोही कधी धड पाहिले नाहीत, त्याला लग्नाच्या सीड्या! माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी म्हटलं, बाहेरून जोडायचा घे, यूएसबीचा. वायर खोचली की झालं. आत बसवायचा तर कॅबिनेट उघडून केबल बघावी लागेल, जुनी रुंद पट्टी आहे की नवी बारीक, साटा म्हणतात ती. चुकीचा आणला तर जोडलाच जाणार नाही. यातलं काही खोटं नव्हतं. पण बाहेरचा असला म्हणजे मी येताना आणीन आणि जाताना घेऊन जाईन, माझ्यामागं त्याला स्कॅनची सीडी लावता येणार नाही, हा माझा खरा हिशेब. दादा म्हणाला, "आतलाच बसव. बाहेरचा म्हंजे तू पर्समंदी टाकून नेशीन."

"मी कशाला नेऊ?"

"मंग इतकं समजावून काऊन राह्यली?"

आठवडाभर आमचं बोलणं नुसतं केबलींचं. कॅबिनेट उघडायला मेकॅनिक लागणार, आणि परक्या माणसाला त्यात हात घालू द्यायला दादाचा जीव होईना. शेवटी त्याच्या संशयी स्वभावामुळेच बाहेरचा ठरला.

मी ड्राइव्ह घेऊन गेले तेव्हा वहिनी बाजारात गेलेली, बहुतेक त्यानंच पाठवलेली. पुढच्या पोर्टात वायर खोचली तर ड्राइव्ह नुसता घरघरला. मागच्या पोर्टात चालला. दादानं उशीखालून पाकीट काढलं, त्यातली सीडी घातली. लग्नाचा विषयही निघाला नाही. पडद्यावर आधी त्यानं नाव वाचलं, मग वय, मग पुन्हा नाव. चुकून दुसऱ्या कोणाची सीडी आली असेल, एवढीच त्याला आशा होती. पुढे करड्या चित्रांमागून चित्रं... त्यातलं मला काही कळत नव्हतं, त्यालाही नसावं. तो चित्रांकडे बघतच नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता. माझ्या तोंडाला कधी खोटं जमलेलं नाही.

त्यानं सीडी काढली, वायर स्वतः उपसली, गुंडाळून माझ्या हातात दिली. "घे, टाक पर्समंदी. तुया वैनीले सांगजो, सीडी चाललीच नाई. तिले वाटू दे का मले मालूम नाई."

मी तसंच सांगितलं. दादा गेल्यावर त्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, पाहुणे गेले, आम्ही दोघी भांडी आवरत होतो. आता तरी हिला खरं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "नंदाबाई, त्या दिवशी सीडी चालली होती ना?"

मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"पह्यले रोज इचारत, डॉक्टर काय म्हणे, डॉक्टर काय म्हणे. तुमी गेल्या, आन् त्या दिवसापासून यायनं एकदाबी इचारलं नाई. मले तवाच समजलं. मंग म्याबी समजू देलं नाई."

ती भांडी पुसत राहिली. मला मात्र तेव्हापासून एकच संशय छळतो. हिला कळलंय, हे दादालाही कळलं असेल का? त्याच्या नजरेतून ते सुटलं असेल, यावर माझा विश्वास बसत नाही... आणि वहिनीपुढे हे बोलायचा मला धीर होत नाही.