आत्याच्या हातचं पाणी

जंगलातल्या दरीच्या तळाशी, नदीच्या अगदी काठाला गरम पाण्याचा झरा आहे. त्याचं पाणी थेट अंगावर घेतलं तर माणूस सोलून निघेल. म्हणून येणाऱ्या लोकांच्या आंघोळीसाठी दगड रचून एक कुंड केलंय. दगड सारला की नदीचं गार पाणी आत येतं. कुठला दगड किती सारायचा, ते माझी आत्या कोपर बुडवून ठरवायची. सव्वीस वर्षं. त्याचा तिला वनखात्याकडून पगार होता.

दोन वर्षांपूर्वी साखरेच्या आजाराने तिच्या हातापायांची जाणीव गेली. हे तिला आणि माझ्या बाबांना माहीत होतं. मलाही होतं, कारण मी दाराआडून ऐकते.

"थर्मामीटर घे ना, ताई," बाबा म्हणाले.

"तो आला की मला कशाला ठेवतील? त्याला पगार लागत नाही."

मुद्दा बिनतोड होता. आत्या एकटी. दुसरं कुठलंच काम तिला येत नाही, स्वयंपाक तर मुळीच नाही.

मग ती कोपर नुसतं दाखवायला बुडवायची आणि पहिल्या माणसाच्या तोंडाकडे बघायची. तो ओरडला की दगड सारायची. लोकांना वाटायचं, पद्धतच अशी असेल. पण एका ओरडणाऱ्याने तक्रार केली आणि वनखात्याचे साहेब तपासणीला आले.

आदल्या दिवशी घरात ठरलं: पहिले बाबा उतरणार, पाणी कढत असेल तर खोकणार. आमच्या घराण्याची अक्कल एवढीच.

साहेबांनी बूटसुद्धा काढले नाहीत. "पाणी एकदाच जुळवायचं," ते म्हणाले. "नंतर दगडाला हात लावलात तर मी नापास लिहीन."

आत्याने कोपर बुडवलं, एक दगड सारला आणि मान हलवली. बाबा गळ्यापर्यंत उतरले. मी त्यांच्या खोकल्याची वाट बघत होते. बाबा खोकले नाहीत. एरवी हा माणूस चहा गरम लागला तरी घर डोक्यावर घेतो.

"कसं आहे?" साहेबांनी विचारलं.

"छान आहे. थोडं गारच म्हणायचं."

साहेबांनी दहा मिनिटं घड्याळ बघितलं, वहीत 'समाधानकारक' लिहून सही केली आणि पायऱ्या चढायला लागले. ते वळणाआड गेल्यावर बाबा हळूच म्हणाले, "ताई, दोन दगड काढ."

ते बाहेर आले ते गळ्यापासून पायापर्यंत लालभडक. मांड्यांवर फोड येत होते. मला रडू आलं, आणि रागही आला, दोघांचाही. आत्याने वाकून त्यांच्या पायावर हात ठेवला. तिला काही कळलं नसणार, पण दिसत होतं ना.

"मूर्खा," ती म्हणाली आणि पायऱ्यांकडे धावली. मी तिच्यामागे. साहेबांना तिने अर्ध्या वाटेत गाठलं.

"साहेब, ती सही खोडा. पाणी कढत होतं. माझ्या हाताला दोन वर्षं काही कळत नाही."

"अहो, पण तो माणूस तर गार म्हणाला."

"तो माझा भाऊ आहे," आत्या म्हणाली. "बाकीच्यांची मी कोण लागते?"

साहेबांनी वही काढली. पेन सापडायला त्यांना बराच वेळ लागला.