पाच शेंगदाण्यांचा एक तारा

लेकीच्या साखरपुड्याला इस्तंबूलहून होणारे व्याही आले, ते बॅगेत कपडे कमी आणि आपल्या फुटबॉल क्लबचा इतिहास जास्त घेऊन. अमेरिकेतल्या चँडलरच्या आमच्या घरात पाय ठेवून तास झाला नसेल, तोच गृहस्थांनी मुलाला दुभाष्या म्हणून शेजारी बसवलं आणि सुरू झाले. शाळेतल्या पोरांनी क्लब कसा काढला, युरोपातला मोठा कप देशात पहिल्यांदा कोणी आणला. आम्ही, म्हणे. आम्ही! हा माणूस जन्मभर औषधाच्या दुकानात गोळ्या विकत बसलेला. कधी धावत जाऊन बस तरी पकडली होती की नाही, देव जाणे.

मी शेंगदाण्यांची वाटी पुढे ठेवली, तर खायचे सोडून त्यांनी ते टेबलावर मांडले. पाच वेळा लीग जिंकली की जर्सीवर एक तारा. पाच दाणे, एक तारा. पुन्हा पाच. आमचे हे माना डोलावत होते. यांना काय, कोणीही काहीही मांडलं की हे खूश. मग शत्रू-क्लबची पाळी आली. त्यांच्या रंगांचा टॉवेलसुद्धा आमच्या घरात चालत नाही, असं मुलगा हसत सांगत होता. रंगही सांगितले असणार. मी भांड्यांचं निमित्त करून उठले होते. रिकामटेकड्यांची कौतुकं ऐकायला मला वेळ नव्हता.

लेक मागोमाग आली. "आई, आय नो तुला ते बोअर होतात. पण उद्या त्यांचा नीट मान ठेव. प्लीज. मला बाकी काही नको."

"शाल-श्रीफळ देतोय ना? अजून काय करू?"

पुण्याहून खास व्याह्यांसाठी आणलेली कोरी शाल कपाटात होती. सकाळी ती हातात घेतली आणि वाटलं, या माणसाला? गाढवाला गुळाची चव काय! ती परत ठेवली आणि मंडळाच्या कार्यक्रमात यांना मिळालेली शाल काढली. आपल्याकडे अशा शाली फिरतच असतात. गडद निळी, पिवळ्या काठांची. इस्त्री केल्यावर नवीच वाटली.

यांनी ती व्याह्यांच्या खांद्यांवर घातली आणि जावयाचा चेहरा पांढराफटक पडला. "इट्स टू हॉट फॉर हिम," असं पुटपुटत तो ती काढायला धावला. लेक माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा कुठे मला कालची ती शत्रू-क्लबच्या रंगांच्या टॉवेलची गोष्ट आठवली.

व्याह्यांनी मान खाली घालून शाल पाहिली, काठावरून बोट फिरवलं. मग मुलाचा हात बाजूला सारला आणि तुर्कीत काहीतरी म्हणाले.

जावयाने लेकीला सांगितलं, लेकीने मला. "ते म्हणतायत, आज मॅच नाहीये."

अंगणातल्या उन्हात फोटो काढताना ते घामाने निथळत होते, पण शाल उतरवली नाही. जाताना स्वतः घडी घालून त्यांनी ती बॅगेत ठेवली, क्लबच्या मफलरच्या वर.

लेकीने मान ठेवायला मला सांगितलं होतं, ठेवला तो त्यांनी. कोरी शाल अजून कपाटात आहे. तिच्याकडे बघायची मला लाज वाटते.